शनिवार-रविवारची स्क्वाड्रन

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडच्या तळावर मिग-२१ला निरोप दिला गेला आणि भारतीय हवाई दलाच्या लढाऊ स्क्वाड्रनांचा आकडा २९वर आला. मंजूर आहेत ४२. त्याच वर्षीच्या मे महिन्यात टेरिटोरियल आर्मीला (नोकरीधंदा सांभाळून सेवा देणाऱ्यांच्या राखीव सैन्याला) बोलावण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना मिळाले होते. हे दोन धागे एकत्र विणून एक सूचना आता वारंवार ऐकू येते : हवाई दलातून बाहेर पडून एअरलाइनमध्ये गेलेल्या फायटर पायलटांची राखीव स्क्वाड्रन उभी करा, अमेरिकेत असतात तशी. समोरून येणारे उत्तरही ठरलेले असते. महिन्यातून दोन दिवस येणाऱ्या माणसाच्या हाती आजचे लढाऊ विमान द्यायचे? वेड लागले आहे का? मग पहिली बाजू १९४०च्या ब्रिटनचे दाखले देते, दुसरी रडार आणि क्षेपणास्त्रांची गुंतागुंत सांगते आणि गाडी तिथेच रुतते. रुतण्याचे कारण असे की दोन्ही बाजू फक्त वैमानिकाबद्दल भांडत आहेत. राखीव फायटर स्क्वाड्रन तगते की मोडते, हे वैमानिकाच्या हाताच्या सफाईवर फारच थोडे अवलंबून असते. शांततेच्या काळात त्या स्क्वाड्रनला नेमके कोणते काम नेमून दिले आहे आणि सोमवार ते शुक्रवार तिच्या हँगरमध्ये कोण उभे असते, या दोन गोष्टींवर सगळे ठरते. गेल्या शंभर वर्षांचा अनुभव हेच सांगतो.

आधी शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. सचिन तेंडुलकरला २०१०मध्ये हवाई दलाने मानद ग्रुप कॅप्टन केले. तो सन्मान आहे, राखीव सेवा नव्हे, आणि तरीही या चर्चेत त्याचे नाव निघतेच. दुसरी गोष्ट राखीव यादीची. निवृत्त अधिकाऱ्यांची नावे नोंदलेली असतात, गरज पडली की त्यांना एकेकट्याने बोलावून रिकाम्या जागी बसवतात. तिसरी गोष्ट राखीव युनिटची. त्याला स्वतःचा तळ, स्वतःची विमाने, स्वतःचे फिटर, स्वतःचा कमांडिंग ऑफिसर आणि युद्धकाळासाठी स्वतःचे नेमके काम असते. ब्रिटनने या दोन वाटा मुद्दाम वेगळ्या ठेवल्या. १९२४च्या आदेशाने ऑक्झिलरी एअर फोर्स जन्मले ते युनिटांचे दल म्हणून. १९३६मध्ये आलेले व्हॉलंटियर रिझर्व्ह होते सुट्या माणसांचे. आपल्याकडे मागणी होते युनिटाची आणि डोळ्यांसमोर असते यादी.

ऑक्झिलरी स्क्वाड्रन कशी असे, हे ग्लासगोच्या ६०२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनवरून नीट कळते. १२ सप्टेंबर १९२५ रोजी ती उभी राहिली. भरती शहरातली आणि आसपासची, सराव शनिवार-रविवारी आणि आठवड्यातल्या काही संध्याकाळी, उन्हाळ्यात दोन आठवड्यांचे शिबिर. नियमित हवाई दलाची थोडी माणसे कायम तळावर असत : एक अ‍ॅडज्युटंट (कारभार पाहणारा अधिकारी), उड्डाणाचे प्रशिक्षक, काही अनुभवी तंत्रज्ञ. बाकी सारे नोकरीधंदा सांभाळून येणारे. लंडनच्या ६०१ स्क्वाड्रनमध्ये गर्भश्रीमंतांचा भरणा इतका की लोक तिला लखोपतींची स्क्वाड्रन म्हणत. तरीही हौसेच्या क्लबपेक्षा हे प्रकरण वेगळे होते. ३ एप्रिल १९३३ रोजी बिहारमधल्या पूर्णियाजवळून उडून एव्हरेस्टच्या शिखरावरून पहिल्यांदा गेलेल्या दोन विमानांचे वैमानिक, क्लाइड्सडेल आणि मॅकिन्टायर, दोघेही याच ६०२चे.

मात्र १९३८पर्यंत ही स्क्वाड्रन बॉम्बफेकी विमाने उडवत होती. फायटर म्हणून तिची नेमणूक झाली जानेवारी १९३९मध्ये आणि मे महिन्यात तिला स्पिटफायर मिळाली, अनेक नियमित स्क्वाड्रनांच्या आधी. ऑगस्टच्या अखेरीस सगळ्यांना पूर्णवेळ सेवेत बोलावले गेले. जेमतेम सात आठवड्यांनी, १६ ऑक्टोबर १९३९ रोजी, जर्मन यु-८८ विमाने फर्थ ऑफ फोर्थच्या खाडीतल्या युद्धनौकांवर आली. त्यांतली पहिली दोन पाडली ती एडिंबराच्या ६०३ आणि ग्लासगोच्या ६०२ने. ६०३चा पॅट गिफर्ड व्यवसायाने वकील होता, ६०२चा जॉर्ज पिंकर्टन शेतकरी. ब्रिटनच्या आकाशात पडलेली शत्रूची ही पहिली विमाने. पुढे बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये, म्हणजे १९४०च्या जर्मन हवाई हल्ल्यांविरुद्धच्या लढाईत, फायटर कमांडच्या साठेक स्क्वाड्रनांपैकी १४ ऑक्झिलरी होत्या. यॉर्कशायरची ६०९ ही शंभर विमाने पाडण्याचा टप्पा गाठणारी पहिली स्पिटफायर स्क्वाड्रन ठरली. ७ ऑक्टोबर १९४० रोजी एका दिवसात पाच मेसरश्मिट पाडणारा आर्ची मॅकेलर मूळचा ६०२चा आणि धंद्याने गिलावा करणारा.

समर्थक इथे थांबतात. इथे थांबणे ही लबाडी आहे. जुलै १९४० उजाडेपर्यंत या स्क्वाड्रनांना पूर्णवेळ सेवेत सुमारे १० महिने झाले होते. पश्चिमेकडे खरी लढाई पेटायला मे १९४० उजाडला, हे त्यांचे नशीब. त्या काळात त्यांचा रात्रीचा सराव झाला, फळी बांधून उडणे झाले, नियंत्रण कक्षाच्या आवाजावर वळणे अंगात भिनले. आणि रिकाम्या जागा नियमित व व्हॉलंटियर रिझर्व्हच्या वैमानिकांनी भरल्या. ज्यांना हा अवकाश पुरला नाही किंवा भलतेच काम मिळाले, त्यांचे काय झाले? ६०७ आणि ६१५ या स्क्वाड्रन नोव्हेंबर १९३९मध्ये ग्लॅडिएटर ही दुपंखी विमाने घेऊन फ्रान्सला गेल्या आणि मे १९४०च्या जर्मन धडकेत पोळून निघाल्या. ६०० क्रमांकाच्या ऑक्झिलरी स्क्वाड्रनच्या सहा ब्लेनहाइम विमानांना १० मे रोजी रॉटरडॅमच्या वालहाफेन तळावर हल्ल्याला पाठवले, त्यांतले एकच परतले. तेव्हा ‘१९४०मध्ये जमले, मग आज का नाही’ हा युक्तिवाद टिकत नाही. तयारीला मिळालेले ते महिने आज कोण देणार? मे २०२५चा आपला संघर्ष चार दिवसांत आटोपला. चार दिवसांत राखीव वैमानिकाची वैद्यकीय तपासणीसुद्धा धड होणार नाही. विरोधकांचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवे.

पण तोच इतिहास पुन्हा वाचा. १६ ऑक्टोबरची स्क्वाड्रन सात आठवड्यांत तयार होती आणि वालहाफेनची आठ महिन्यांनंतरही नव्हती. दोन्हींकडचे वैमानिक एकाच पद्धतीने भरती झालेले. फरक कामाचा आणि त्या कामासाठी हाती दिलेल्या विमानाचा. स्कॉटलंडच्या स्क्वाड्रन स्वतःच्याच खाडीवर, ओळखीच्या डोंगर-किनाऱ्यावर, जमिनीवरच्या निरीक्षकांशी जोडलेल्या जाळ्यात लढत होत्या. काम एकच होते : वर जा, सांगितलेल्या दिशेला वळा, येणाऱ्याला अडवा. रॉटरडॅमवर पाठवलेल्यांना फायटरच्या मदतीविना, परक्या आकाशात, त्या कामासाठी न बनलेल्या विमानातून हल्ला करायचा होता. नियमित स्क्वाड्रननेही तिथे वेगळे काय केले असते?

आता १९५७. युद्धानंतर ऑक्झिलरी पुन्हा उभे राहिले, १९४७मध्ये त्यांना ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली, व्हॅम्पायर आणि मीटिऑर ही जेट मिळाली, आणि १० मार्च १९५७ रोजी सगळ्या वीस फायटर स्क्वाड्रन एकदम बरखास्त झाल्या. कारण सांगितले गेले पैशाचे आणि नव्या विमानांच्या गुंतागुंतीचे. मागे झुकलेल्या पंखांची हंटरसारखी विमाने सुटीच्या दिवशी येणाऱ्यांना झेपणार नाहीत, असे गृहीत धरले गेले. ती त्यांना दिलीच गेली नाहीत. आजचे विरोधक हेच वाक्य फक्त विमानाचे नाव बदलून म्हणतात. परंतु चारच वर्षांनी, १९६१च्या बर्लिन पेचप्रसंगात, अमेरिकेच्या टेनेसी, साउथ कॅरोलायना आणि अ‍ॅरिझोना या राज्यांच्या एअर नॅशनल गार्ड (राज्यवार राखीव हवाई दल) स्क्वाड्रन एफ-१०४ घेऊन युरोपात दाखल झाल्या. आवाजाच्या दुप्पट वेगाचे, पंख जवळजवळ नसल्यासारखे, उतरताना चूक न खपवणारे विमान. ते सुटे करून सी-१२४ मालवाहू विमानांत भरले, युरोपात पुन्हा जोडले आणि उडवले. हंटर न झेपणारा ब्रिटिश आणि एफ-१०४ झेपणारा अमेरिकन यांच्या बुद्धीत फरक होता काय? फरक दोन देशांच्या व्यवस्थेत होता. ब्रिटनमध्ये अण्वस्त्रे आणि क्षेपणास्त्रांच्या नव्या हिशेबात फायटर कमांडलाच कात्री लागत होती. ऑक्झिलरींचे काम आधी नाहीसे झाले. विमान कठीण असल्याचा शोध त्यानंतर लागला, असेच मला दिसते.

अमेरिकेची गार्डही आयती तयार नव्हती, आणि हा भाग आपल्याकडे कुणी सांगत नाही. कोरियन युद्धासाठी १९५०-५१मध्ये गार्डच्या ९२पैकी ६६ उडत्या स्क्वाड्रन बोलावल्या गेल्या, सुमारे ४५,००० माणसे, आणि फटफजिती झाली. विमाने दुसऱ्या महायुद्धातली, सुटे भाग अपुरे, कागदावरचे वैमानिक प्रत्यक्षात वेगळ्याच विमानावर शिकलेले. बोलावलेल्यांना हाताशी धरून त्यांतून लढणारी युनिटे घडवायला महिनोन्‌महिने गेले. मग बदलले काय? १ मार्च १९५३पासून न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज आणि कॅलिफोर्नियातल्या हेवर्ड इथल्या दोन गार्ड स्क्वाड्रनांना एक प्रयोग म्हणून काम दिले गेले : उजाडण्याआधीच्या तासापासून मावळल्यानंतरच्या तासापर्यंत धावपट्टीशेजारी भरलेली विमाने आणि तयार वैमानिक, रोज. आपल्या हवाई दलाच्या भाषेत सांगायचे तर ओआरपीची (ऑपरेशनल रेडिनेस प्लॅटफॉर्मची) ड्युटी. देशाच्या हवाई संरक्षणातला एक खरा तुकडा त्यांच्या गळ्यात पडला आणि त्याबरोबर बाकी सारे आपोआप मागून आले. रोजची ड्युटी म्हटली की विमान रोज चालू हवे, म्हणजे पूर्णवेळ तंत्रज्ञ हवेत, म्हणजे सुट्या भागांच्या रांगेत नंबर वर हवा, म्हणजे मुख्यालयाला त्या स्क्वाड्रनची आठवण परेडपुरती ठेवून भागत नाही. पुढे ही पद्धत देशभर पसरली.

कामाचा हा नियम ११ सप्टेंबर २००१च्या सकाळी जितका उघडा पडला तितका कधीच नाही. मॅसॅच्युसेट्सच्या ओटिस तळावरच्या दोन एफ-१५ गार्डच्याच होत्या आणि अलर्ट ड्युटीवर होत्या; ८.४६ला आदेश, ८.५३ला हवेत. (अपहृत विमानांपर्यंत या एफ-१५ वेळेत पोचल्या नाहीत, पण तो दोष माहिती उशिरा मिळण्याचा.) वॉशिंग्टनच्या दाराशी असलेल्या अँड्र्यूज तळावरही गार्डचीच एफ-१६ विमानांची विंग (स्क्वाड्रनहून मोठे युनिट) होती. पेंटॅगॉन तिथून पंधरा-वीस किलोमीटरवर. पण त्या विंगेला अलर्टचे काम नेमून दिलेले नव्हते, म्हणून क्षेपणास्त्रे शस्त्रभांडारात आणि विमानांत सरावाच्या गोळ्या. पेंटॅगॉनवर ९.३७ला विमान आदळले. अँड्र्यूजच्या मार्क सॅसव्हिल आणि हेदर पेनी यांनी साडेदहानंतर उड्डाण केले ते क्षेपणास्त्रांविना, वेळ आलीच तर अपहृत विमानाला धडक द्यायची या तयारीने. दोन्ही तळ गार्डचे, देश एक, सकाळ एक. वैमानिकाच्या कौशल्यावर वाद घालणाऱ्यांनी या दोन तळांतला फरक समजावून सांगावा. स्वित्झर्लंडची गंमत तर याहून बोलकी : फेब्रुवारी २०१४मध्ये अपहरण झालेले इथिओपियन विमान भल्या पहाटे जिनिव्हात उतरले, तेव्हा स्विस फायटर जमिनीवरच होती, कारण अलर्ट फक्त कार्यालयीन वेळेत असे! सोबत करायला आली इटलीची आणि फ्रान्सची विमाने.

आता हँगरकडे. शिवकाळातल्या पागेची बांधणी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे सांगावे लागू नये. पंचवीस बारगीरांवर एक हवालदार आणि त्याच पंचविसांसाठी एक पखालजी व एक नालबंद. पाणी आणि नाल यांची माणसे लढणाऱ्यांच्या हिशेबातच धरलेली. शिलेदार स्वतःचे घोडे घेऊन येई, त्याच्या घोड्याची काळजी त्याची त्याला. ६०१च्या श्रीमंतांकडे स्वतःची विमाने होती तेव्हा ते एका अर्थाने शिलेदारच होते. जेटच्या युगात शिलेदारी संपली. आता सगळेच बारगीर, घोडा कायम सरकारी पागेतला, आणि म्हणून प्रश्न नालबंदाचा. स्पिटफायर खाली उतरली की आठ बंदुकांत प्रत्येकी ३०० गोळ्या, इंधन, ऑक्सिजन, इंजिन थंड ठेवणारे ग्लायकॉल, हे सगळे काही मिनिटांत भरणारे फिटर आणि आर्मरर ऑक्झिलरीच होते. आजचे विमान त्याहून नाठाळ आहे, कारण ते न उडतासुद्धा बिघडते. हायड्रॉलिकची सीले वाळून गळू लागतात, उभ्या विमानाच्या टायरला एका जागी चपटेपणा येतो. इजेक्शन सीटच्या स्फोटक काडतुसांचे आयुष्य कॅलेंडरवर मोजतात. विमान उडो न उडो, तारीख संपली की ती बदलावीच लागतात. इंजिन ठरावीक दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवायचे तर त्यात संरक्षक तेल भरून त्याला झोपवावे लागते आणि उठवतानाही पद्धत पाळावी लागते. पाच दिवस कुलूप आणि दोन दिवस उड्डाण, असे वेळापत्रक विमानाला मान्यच नसते. एखादे विमान जमिनीवर राहिले की त्याचे भाग काढून दुसऱ्याला लावायचे आणि पहिले कायमचे हँगरला खिळवायचे, हा रोग अशा तळावर सर्वांत आधी शिरतो.

अमेरिकनांनी यावर काढलेला तोडगा साधा आहे. एअर फोर्स रिझर्व्हमध्ये १९५८पासून ‘एअर रिझर्व्ह टेक्निशियन’ आहेत : तोच माणूस सोमवार ते शुक्रवार त्याच तळावर मुलकी कर्मचारी, आणि सरावाच्या दिवशी किंवा बोलावणे आले की त्याच यंत्रावर गणवेशात. ‘महिन्यातून एक शनिवार-रविवार’ हेही अर्धसत्यच. वर्षाला चार-चार तासांची ४८ सत्रे आणि पंधरा दिवसांची सेवा ही किमान अट; फायटर वैमानिक त्यावर वेगळी उड्डाण-सत्रे घेतात आणि एअरलाइनच्या सुट्या त्यात घालवतात. नोकरी जाऊ नये म्हणून कायद्याचे संरक्षण असते. हे सगळे असूनही वैमानिकाची एक मर्यादा उरते आणि विरोधकांचा तेवढा मुद्दा खरा आहे. उतरणे, फळीत उडणे, ढगातून उपकरणांवर येणे हे हात विसरत नाहीत. नजरेपलीकडच्या क्षेपणास्त्र-लढाईतली सेकंदांची आखणी, हवेत इंधन भरणे, रात्रीचा खालच्या उंचीवरचा हल्ला हे मात्र काही आठवड्यांत बोथट होते. नऊ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट ताण, सोसायला लागणारे शरीर पंचेचाळिशीत आपोआप तयार राहत नाही, आणि आदल्या रात्री दुबईचा फेरा करून आलेला माणूस सकाळी फायटरमध्ये बसवू नये हे सांगायला तज्ज्ञ नको. म्हणूनच शहाणी हवाई दले राखीव युनिटाला सगळी कामे देत नाहीत. एखादे देतात आणि त्यातच मुरवतात. किंवा युटातल्या हिल तळासारखी जोडी लावतात, जिथे नियमित ३८८वी आणि राखीव ४१९वी विंग एकाच ताफ्यातली एफ-३५ उडवतात.

या कसोट्या लावल्या की आपल्याकडची सूचना कुठे अडते ते दिसते. कायदा नाही म्हणून ती अडलेली नाही. रिझर्व्ह अँड ऑक्झिलरी एअर फोर्सेस अ‍ॅक्ट १९५२पासून आहे. अनुभवही कोरा नाही. १९३९नंतर भारतीय हवाई दलाच्या व्हॉलंटियर रिझर्व्हच्या वैमानिकांवर मुंबईसह किनाऱ्यावरच्या शहरांत कोस्टल डिफेन्स फ्लाइट उभ्या राहिल्या होत्या. विमाने जुनाट वापिटीच्या पिढीतली, पण काम ठरलेले : जहाजांच्या काफिल्यांवर नजर ठेवणे. त्या चालल्या आणि त्यांतली माणसे वाढत्या नियमित स्क्वाड्रनांत गेली. १९५५पासून दिल्ली, मुंबई, मद्रास इथे ऑक्झिलरी स्क्वाड्रन निघाल्या. त्या टिकल्या नाहीत.

आणि मुळात ४२ उणे २९ ही वजाबाकी वैमानिकांची नाहीच. एका स्क्वाड्रनमागे साधारण १८ विमाने धरली तर तेरा स्क्वाड्रन म्हणजे २३४ विमाने. ती कुठल्याही निवृत्त वैमानिकाच्या खिशात नाहीत. फेब्रुवारी २०२१मध्ये मागवलेली ८३ आणि सप्टेंबर २०२५मध्ये मागवलेली ९७ तेजस मार्क-१ए विमाने हातात पडेपर्यंत राखीव स्क्वाड्रन काढणे म्हणजे नियमित स्क्वाड्रनची विमाने काढून तिला देणे. आकडा वाढलेला दिसेल, ताकद तेवढीच राहील. आज राखीव माणसाचा खरा उपयोग आहे तो आहे त्या विमानांमागे दुसरी फळी उभी करण्यात : लढाईच्या तिसऱ्या दिवशी विमान धड आणि वैमानिक थकलेला, किंवा वैमानिक ताजा आणि विमान दुरुस्तीच्या रांगेत, अशी वेळ येते तेव्हा.

त्यातही सुरुवात वैमानिकांपासून करू नये. हवाई दलातला एअरमन वीस वर्षांची सेवा करून चाळिशीच्या आसपास बाहेर पडतो. इंजिन, एव्हिऑनिक्स, शस्त्रास्त्रे यांतला त्याचा हात तेव्हा ऐन भरात असतो. त्याला नऊ जी सोसायचे नसतात, की वेगाने गंजणारी लढाईची आखणी लक्षात ठेवायची नसते. नाशिकजवळ ओझरला हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे, शेजारी एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) कारखाना आहे जिथे सुखोई-३० जोडली गेली आणि ऑक्टोबर २०२५मध्ये तिथल्या पहिल्या तेजस मार्क-१एने उड्डाण केले. या दोन ठिकाणांहून निवृत्त होणारी माणसे नाशिक-पुण्याच्या पट्ट्यातच घर करतात, आणि पुण्याचा लोहगाव तळ सुखोईचाच आहे. एका प्रकारचे विमान, एक तळ, आणि लेखी दिलेले एकच काम : युद्धकाळात रात्रपाळीची सर्व्हिसिंग आणि शस्त्रभरणी राखीव फळी सांभाळील. महिन्यातले चार दिवस त्याच हँगरमध्ये त्याच विमानांवर. वर्षातून एकदा पूर्वसूचनेविना बोलावणे, आणि अठ्ठेचाळीस तासांत किती जण आले, किती विमाने भरून उभी राहिली याची नोंद. ती नोंद दोन-तीन वर्षे नीट आली, तर वैमानिकांच्या राखीव फळीची फाइल उघडावी. तोवर एअरलाइनच्या कॉकपिटांतली माणसे मोजत बसण्यात अर्थ नाही.